लेमन थाइम: दसऱ्यानंतर लावा, पावसाळ्यात सांभाळा

(मंडळाच्या उत्सवपूर्व स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या कार्यवाहांनी मला फोन करून सांगितलं, "काकू, यंदा घरच्या बागेवर बोला." घरची बाग म्हटलं की तुळशीपासून टोमॅटोपर्यंत सगळंच आलं, आणि अर्ध्या तासात सगळं सांगायला गेलं तर कोणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून मी एकच रोप निवडलं आहे: लेमन थाइम.

हेच का, तर गेल्या काही वर्षांत हे रोप आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आलं आणि पुष्कळांच्या घरून गेलंही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान (२०२३ पर्यंत ज्याला आपण मुघल गार्डन म्हणत होतो ते) बघून येतो. तिथली फुलं पाहून हुरूप येतो. येताना वाटेत नर्सरी लागते. इवल्या पानांचं, लिंबाच्या वासाचं रोप दिसतं आणि आपण ते घेऊन येतो. एप्रिलपर्यंत ते छान वाढतं, जूनमध्ये मान टाकतं, ऑगस्टमध्ये काडी होऊन उभं राहतं. मग घरातलं माणूस म्हणतं, "माझ्या हाताला यशच नाही." मंडळातल्या निदान पाच-सहा जणींच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं आहे, आणि त्यातल्या दोघींनी तर कुंड्याच काढून टाकल्या.

मी शेतीशास्त्र शिकलेली नाही. सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीला आले आणि क्वार्टर बदलत बदलत गच्चीत, बाल्कनीत कुंड्या सांभाळत राहिले, एवढंच. पण तेवढ्या अनुभवावर खात्रीने सांगते, हाताच्या यशाचा इथे काही संबंध नाही. हे रोप मरतं ते दोन कारणांनी: ते चुकीच्या वेळी लावलं जातं, आणि त्याला फार माया केली जाते. माया म्हणजे पाणी. आजचं सगळं भाषण या दोन गोष्टींभोवतीच आहे.

हे रोप आहे तरी कोण?

आधी ओळख करून घेऊ, कारण नर्सरीत नावांचा फार गोंधळ असतो. लेमन थाइमचं झुडूप वीतभर, फार तर फूटभर उंच होतं आणि आडवं पसरतं. पान मुगाच्या डाळीपेक्षा थोडं मोठं, लांबट गोल. काही प्रकारांत पानाला पिवळी किंवा पांढरी कड असते. पान चुरडलं की आधी लिंबाच्या सालीचा वास येतो आणि मागून ओव्याचा. हा दुहेरी वास हीच खरी खूण.

पान जाड, मऊ लव असलेलं आणि वास नुसता ओव्याचा असेल, तर तो आपला पानओवा. पान पुदिन्याएवढं मोठं आणि वास लिंबाचा असेल, तर ते लेमन बाम. गवतासारखी लांब पाती असतील, तर तो गवती चहा. चौघेही गुणी आहेत, पण चौघांची राहणी वेगळी. गवती चहाला रोज पाणी घातलं तर तो खूश होतो. तेच लेमन थाइमला केलं तर तो जातो.

वासाचं कारणही गमतीचं आहे. ओव्याला जो वास येतो तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा. या द्रव्याला नावच थाइमवरून मिळालं आहे. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला आणि थाइम तुळशीच्या कुळातला, नातं काही नाही, पण वास मात्र सामाईक. लिंबाचा जो वास येतो त्यात सिट्रल असतं, आणि तेच गवती चहातही असतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले दोन ओळखीचे वास या एका पानात एकत्र आले आहेत.

आता गणपती येतीलच. पूजेच्या एकवीस पत्रींमध्ये मरवा असतो, तो हातात घेऊन नीट पाहा. मरवा हा थाइमचा अगदी जवळचा भाऊबंद. त्याचं मूळ गाव सायप्रस आणि तुर्कस्तानचा दक्षिण भाग. तिथून तो आपल्याकडे आला आणि इतका रुळला की बाप्पाच्या पत्रीत जाऊन बसला. आज त्याला कोणी परका म्हणत नाही. तुळसही त्याच कुळातली. तेव्हा लेमन थाइम आपल्या घरात अगदीच अनोळखी नाही.

सिमला-मनालीकडे उन्हाळ्यात फिरायला जाणाऱ्यांनी तर त्याची चुलत बहीण पायाखाली तुडवलेलीही असेल. हिमालयाच्या उंच उतारांवर एक रानटी थाइम जमिनीला चिकटून वाढतो. तिथली माणसं त्याला बनजवाइन म्हणतात, म्हणजे रानातला ओवा. पुढच्या वेळी गेलात की तो कुठे उगवला आहे ते बघा: उतारावर, दगडांच्या फटीत, उन्हात. पाणी आलं की लगेच वाहून जाईल अशा जागी. या रोपाची सगळी आवडनिवड त्या एका दृश्यात आहे.

त्याचा पाऊस आणि आपला पाऊस

थाइमचं मूळ घर म्हणजे स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस या भागातल्या चुनखडीच्या कोरड्या टेकड्या. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे पाणी असतं तेव्हा गारवा असतो, आणि उष्मा असतो तेव्हा माती कोरडी असते. ऊन आणि ओल एकत्र येतच नाहीत.

दिल्लीत नेमकं उलटं. आपल्याकडे वर्षाला साधारण पावणेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त जून ते सप्टेंबरात. त्या वेळी रात्रीसुद्धा घामाच्या धारा लागलेल्या असतात. भिजलेली माती, कोंदट हवा आणि उष्मा हे तिन्ही एकदम. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि उबदार ओलीत मूळकुजीची बुरशी झपाट्याने वाढते. थंडीने थाइम मरत नाही. त्याच्या मूळ घरी तो शून्याखालची थंडी सोसतो, आपला जानेवारी त्याला काहीच नाही. कोरडं ऊनही तो बऱ्यापैकी सोसतो. त्याला सोसत नाही ती फक्त गरम ओल.

एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

केव्हा लावायचा?

दिल्लीतून पाऊस साधारण २५ सप्टेंबरच्या सुमारास परततो. त्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. रात्री पंखा बंद करावासा वाटू लागला की लेमन थाइमची वेळ झाली. दसरा ते दिवाळी असं मी तोंडी सांगते, पण अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, म्हणून तारखाही सांगून ठेवते: १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर.

या वेळेचा फायदा असा की रोपाला पुढे चार-साडेचार महिने गारवा मिळतो. वर फारशी वाढ दिसली नाही तरी खाली मुळं पसरत असतात. एप्रिलचं ऊन येईपर्यंत रोप घट्ट बसलेलं असतं. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला दोनच महिने मिळतात आणि मग थेट लू. म्हणून फेब्रुवारी ही दुसरी संधी आहे, पहिली नव्हे. फेब्रुवारीत लावायचंच असेल तर पहिल्या पंधरवड्यात लावा. डिसेंबर-जानेवारीत लावलं तर मरणार नाही, पण धुक्यात पंधरा-पंधरा दिवस जिथल्या तिथे राहील. मे ते सप्टेंबर मात्र नर्सरीवाल्याने फुकट दिलं तरी घेऊ नका.

आज आपण ऑगस्टात बसलो आहोत. आज रोप लावायचं नाही, तयारी करायची. ती काय, ते आता सांगते.

कुंडी आणि माती

कुंडी साध्या भाजक्या मातीची घ्या. आठ ते दहा इंच तोंडाची पुरे, फार खोल नको. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल बाहेर पडते, प्लॅस्टिकच्या कुंडीतून पडत नाही. शिवाय काळं प्लॅस्टिक मे महिन्यात इतकं तापतं की मुळं उकडून निघतात. कुंडीच्या तळाला भोक हवंच. त्यावर खापरीचा एक बाकदार तुकडा उपडा ठेवा, म्हणजे माती वाहणार नाही आणि पाणी अडणार नाही.

मातीचं प्रमाण असं: बागेची माती दोन भाग, जाड वाळू दोन भाग आणि मुरलेलं शेणखत किंवा पाल्याचं खत एक भाग. वाळू कोणती हे महत्त्वाचं आहे. यमुनेची बारीक वाळू घालू नका. ती चिकणमातीत मिसळली की कुंडीत विटेसारखा गोळा होतो. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात 'बदरपूर' म्हणून लालसर, जाड, कचकचीत वाळू मिळते, ती आणा. एक पिशवी पुष्कळ होते. बादलीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या म्हणजे तिच्यातली भुकटी निघून जाईल.

माती बरोबर झाली की नाही हे पाहायला मूठभर घेऊन ओली करा आणि लाडूसारखी वळा. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला, तर उत्तम. लाडू तसाच राहिला, तर आणखी बदरपूर घाला. चुना वगैरे घालायची दिल्लीत गरज नाही. इथली माती आणि पाणी मुळातच थोडं अल्कधर्मी असतं, आणि थाइमला ते चालतं.

इथे गणपतीशी संबंधित दोन गोष्टी. आपल्यापैकी बरेच जण आता शाडूची मूर्ती आणून घरीच बादलीत विसर्जन करतात आणि ती माती कुंड्यांत घालतात. चांगली गोष्ट आहे, पण ती माती जास्वंदीला किंवा बागेतल्या मोठ्या झाडाला द्या. शाडू फार बारीक आणि चिवट असतो. लेमन थाइमच्या कुंडीत तो गेला तर पाणी उतरायचंच थांबेल. दुसरं निर्माल्याचं. दोरे, प्लॅस्टिक, चमकी काढून टाकून फुलं, दुर्वा आणि पत्री एका जुन्या भोकाच्या माठात सुक्या पाल्याबरोबर थर देऊन ठेवा. फेब्रुवारीपर्यंत त्याचं छान काळं खत होईल. त्यातलं मूठभर तेव्हा थाइमला द्यायचं. वर्षभरात एवढंच खत त्याला पुरे. जास्त खत दिलं तर पानं फोफावतात आणि वास उतरतो.

लावायचा कसा?

नर्सरीतून रोप निवडताना उंच रोपापेक्षा बुडापासून फांद्या फुटलेलं रोप घ्या. बुडाशी पानं काळी पडली असतील तर घेऊ नका. इथल्या नर्सऱ्यांत रोपं पुष्कळदा घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच कुंडीत पुरला तर आजूबाजूची माती कितीही चांगली असली तरी मुळं त्या गोळ्यातच अडकून राहतात. म्हणून गोळा पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा आणि बोटांनी बाहेरची माती हळूच सोडवा. मुळं तुटू देऊ नका.

संध्याकाळी लावा. रोप पूर्वी ज्या खोलीवर होतं त्याच खोलीवर, किंवा नखभर वर, त्याहून खोल नको. कुंडीच्या मध्यभागी माती थोडी उंच आणि कडेला उतरती ठेवा. बुडाभोवती बारीक खडीचा एक थर द्या, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत. मग तळातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी द्या. तीन-चार दिवस सावलीत, आणि त्यानंतर उन्हात.

ऊन निदान सहा तास हवं. दिल्लीत थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून अडतीस अंशांवरच येतो, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतपर्यंत येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो, आणि तीच बाल्कनी वरच्या मजल्याच्या छपराने सावलीत जाते. म्हणजे दक्षिणेची बाल्कनी या रोपासाठी घडवल्यासारखी आहे: थंडीत ऊन, उन्हाळ्यात सावली. उत्तरेची बाल्कनी असेल तर कुंडी गच्चीवर न्यावी लागेल.

पहिले सहा आठवडे पानं तोडू नका. रोप चार बोटं वाढलं की प्रत्येक फांदीचं टोक खुडा, म्हणजे बाजूने फुटवे येतात.

पाणी: खरी परीक्षा

आता मुख्य मुद्दा. पाणी वारानुसार देऊ नका, कुंडी विचारून द्या. बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्याल तेव्हा तळातून येईपर्यंत द्या. रोज वाटीभर शिंपडणं सगळ्यात वाईट. थंडीत हे चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने एकदाच येतं. मे-जूनमध्ये लू सुटली की एक दिवसाआड, कधी रोजही द्यावं लागेल.

घोटाळा कुठे होतो तो सांगते. तहानलेलं रोप मान टाकतं, आणि मुळं कुजलेलं रोपही मान टाकतं. कारण कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. वरून दोन्ही सारखीच दिसतात. आपण म्हणतो, "बिचाऱ्याला तहान लागली," आणि आणखी एक तांब्या ओततो. तो शेवटचा तांब्या ठरतो. म्हणून मान टाकलेली दिसली की आधी कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर तहान आहे. पाणी द्या, काही तासांत मान वर येईल. जड लागली आणि बुडाशी पानं तपकिरी-काळी झाली असतील तर पाणी बंद. कुंडी वाऱ्यावर ठेवा, आणि वरच्या हिरव्या फांद्यांची छाट कलमं लगेच करून घ्या.

कुंडीखालची ताटली मात्र आजच काढून टाका. घरी जाल तेव्हा पहिलं काम ते. त्या ताटलीत साठलेलं पाणी थाइमची मुळं कुजवतं, आणि त्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर दिल्लीत काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या मंडळात ज्या घरांनी हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या ती घरं इथे बसलेली आहेत. महापालिकेची माणसं कूलर आणि कुंड्या तपासायला येतात ती उगाच नाही. लेमन थाइमच्या वासाने डास पळतात असं नर्सरीवाला सांगेल. पान चुरडून हाताला लावलं तर घटकाभर वास राहतो, पण नुसतं रोप ठेवल्याने डास पळत नाहीत. ताटली काढल्याने मात्र नक्की कमी होतात.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्च-एप्रिलमध्ये बारीक फिकट गुलाबी फुलं येतील. मधमाश्या येतील, येऊ द्या. फुलं ओसरली की वरचा एक तृतीयांश भाग कात्रीने छाटा. खालच्या पानं नसलेल्या लाकडी काडीपर्यंत कापू नका, तिथून पुन्हा फुटवा येत नाही.

मे लागला की दुपारी बारानंतर सावली मिळेल अशी जागा द्या, किंवा हिरवी जाळी बांधा. कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरली तर मुळं तापत नाहीत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाच्या आधी, दाट फांद्या थोड्या विरळ करा म्हणजे आतून वारा खेळेल. दिल्लीत पाऊस साधारण २७ जूनच्या आसपास येतो. त्याआधी कुंडी अशा ठिकाणी हलवा जिथे प्रकाश आणि वारा आहे, पण पाऊस थेट पडत नाही. छज्जाखाली, दोन विटांवर. या तीन महिन्यांत पाणी अगदी बेताने.

आणि खरं सांगायचं तर एवढं करूनही एखादा ऑगस्ट त्याला घेऊन जातो. त्यात कमीपणा काही नाही. म्हणूनच शहाण्याने एकाच कुंडीवर विसंबू नये. फेब्रुवारीत चार बोटं लांबीच्या, फुलं न आलेल्या टोकाच्या फांद्या घ्या, खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. याहून सोपं म्हणजे दाब कलम: कडेची लोळणारी फांदी मातीवर टेकवून केसांच्या आकड्याने दाबून ठेवायची. मुळं धरली की कापून वेगळी करायची. अशी तीन-चार रोपं करून एक आपल्याकडे, एक शेजारी, एक ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे ठेवा. आपल्याकडचं गेलं तर दसऱ्याला त्यांच्याकडून फांदी मागून आणता येते.

स्वयंपाकात

लिंबाचा वास फार नाजूक असतो, उकळला की उडून जातो. म्हणून पानं शेवटी घालायची. बटाट्याच्या काचऱ्या गॅसवरून उतरवताना, ताकात मीठ-जिऱ्याबरोबर चुरडून, किंवा रविवारी आय. एन. ए. मार्केटातून आणलेल्या पापलेटावर तळून झाल्यावर. चहातही चालतो. वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नाही, त्यामुळे गवती चहासारखंच दूध फाटत नाही. काडी टोकाला धरून उलटी ओढली की पानं आपोआप सुटतात. दिल्लीची धूळ आणि नोव्हेंबरचा धूर लक्षात घेता पानं नीट धुऊन घ्या. हा मसाला आहे, औषध नव्हे. चिमूटभर वापरा, काढे करून पिऊ नका, गर्भारपणात तर नाहीच.

बदलीच्या गावी

आपल्यातले बरेच जण बदलीचे. उद्या दुसऱ्या गावी गेलात तर नियम एकच: जोराचा पाऊस सरला आणि गारवा पुढे आहे, ती वेळ धरायची. भोपाळ, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. माळव्यातली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तिथे कुंडीच बरी. बंगळूर नऊशे मीटर उंचीवर आहे, उन्हाळा सौम्य असल्याने तिथे रोप जास्त टिकतं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस मोठा, म्हणून नोव्हेंबरअखेर लावा. कोलकात्याला नोव्हेंबर-डिसेंबर, आणि दर वर्षी नवं लावायची तयारी ठेवा. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, तिथे जानेवारी. सिमल्यासारख्या थंड ठिकाणी मात्र उलट, बर्फ सरल्यावर एप्रिलमध्ये.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*बी पेरून येईल का?* साधा थाइम बियांपासून येतो. बी अगदी बारीक, वरून माती न टाकता पेरायचं. पण लेमन थाइमच्या बियांतून येणाऱ्या रोपाला लिंबाचा वास असेलच अशी खात्री नसते. फांदीपासून केलेलं रोप मात्र हुबेहूब आईसारखं येतं.

*खिडकीत, घराच्या आत चालेल?* ऊन थेट येत असेल तर थंडीत चालेल. नुसत्या उजेडात फांद्या लांबट, फिक्या होतात आणि वास राहत नाही.

*वाळवून ठेवता येतो का?* येतो. फुलं यायच्या आधी, मार्चच्या कोरड्या हवेत जुड्या बांधून सावलीत टांगा. लिंबाचा वास थोडा कमी होतो, ओव्याचा राहतो.

*पाने आतून वाळत आहेत, बाहेरून हिरवी आहेत, काय करू?* आत वारा नाही आणि ओल जास्त आहे. थोडी छाटणी करा, पाणी कमी करा.

शेवटी एकच विनंती. कोजागिरीच्या दुधाला याल तेव्हा प्रत्येकाने एक रिकामी, भोकाची मातीची कुंडी आणि धुतलेली बदरपूर घेऊन यावं. माझ्याकडे या पावसाळ्यात छज्जाखाली तीन कुंड्या तगल्या आहेत, आणि मंडळातल्या आणखी दोन घरी आहेत. रोपं आम्ही देऊ. ज्या दोघींनी कुंड्या काढून टाकल्या त्यांनी तर नक्की यावं. पुढच्या श्रावणात कोणाकडे किती तगली ते मोजू, आणि ज्यांची गेली त्यांना पुन्हा फांद्या देऊ.

 गणपती बाप्पा मोरया!